चित्तेवानाची पळी

कोल्हापुरांतील शाहूपुरी म्हटली कीं गुळाच्या ढेपा व भरलेल्या गाड्या डोळ्यांपुढें येतात. श्रीशाहू छत्रपतींनीं ही पेठ १८९५ सालीं वसविली, हें पुष्कळांना ठाऊक असेल. पण त्याच दरबाराच्या आश्रयास आणखी एक विद्या होती, तिची आठवण आतां फार थोड्यांना आहे. ती म्हणजे चित्ता माणसाळविण्याची विद्या. शाहू महाराजांच्या काळीं व त्यांच्यामागून १९२२ सालीं गादीवर आलेल्या राजाराम महाराजांच्याहि काळीं कोल्हापुरांत चित्ते पाळले जात आणि त्यांच्याकरवीं काळविटाची शिकार होई.

या कामीं पिल्लू निरुपयोगी. आईपाशीं राहून शिकारींत तयार झालेला चित्ताच धरावा लागे. ज्या झाडापाशीं चित्ते नेहमीं येत, त्याच्याभोंवतीं फांस मांडीत. सांपडलेल्या जनावराच्या डोळ्यांवर कातड्याची टोपी चढवीत, त्याला बाजेला बांधीत, आणि बायकामुलें पाळीपाळीनें त्याच्याजवळ बसून सारखीं बोलत राहात. हेतु हा कीं त्याला झोंप मिळूं नये व माणसाचा आवाज ओळखीचा व्हावा. पुढें त्याला दोरीनें भर बाजारांतून फिरवीत. यांत दया होती असें मी म्हणणार नाहीं. उपास व जागरण यांनीं जनावराचा जोर मोडावयाचा, ही या विद्येची पहिली पायरी होती, आणि ती क्रूर होती.

परंतु दुसरी पायरी निराळी. काळवीट बैलगाडीला बिचकत नाहीं, म्हणून चित्त्याला गाडींतून जवळ नेत व टोपी काढीत. एकदां तो सुटला म्हणजे त्याच्या गळ्यांत दोरी नाहीं, पायांत सांखळी नाहीं. तो सावज पाडून त्याचा गळा धरून बसे. आतां त्याच्या तोंडांतून तें सोडवावयाचें कसें? काठी उगारून खात्रीनें नव्हे. चित्तेवान धांवत येई, हरणाच्या गळ्यावर सुरी चालवी, वाहणारें ऊन रक्त लाकडी पळींत धरी आणि ती पळी हळूच चित्त्याच्या तोंडाशीं नेई. चित्ता पकड सोडून रक्त चाटूं लागला कीं टोपी चढे. मागाहून मांसाचा वांटा मिळे. म्हणजे सावज सोडल्यानें कांहीं गमावत नाहीं, उलट ताबडतोब मिळतें, हें जनावराला पटलेलें असे. पळी क्षणभर उशिरां आली तर सारा डाव फसे.

‘ताबडतोब’ या शब्दांतच पुढचें शास्त्र आहे. अमेरिकेंत थॉर्नडाइक यांनीं १८९८ सालीं पेटींत कोंडलेल्या मांजरांवर प्रयोग करून दाखविलें कीं ज्या हालचालीनें समाधान लाभतें ती जनावर पुन्हां करतें. स्किनर यांनीं १९३८ च्या आपल्या ग्रंथांत हाच विषय फार बारकाईनें मांडला. त्यांचे शिष्य ब्रेलंड दांपत्य यांनीं तो प्रयोगशाळेबाहेर नेला व शिटीसारख्या खुणेचा उपयोग केला: शिटी वाजली कीं नेमकी कोणती कृति पसंत पडली हें जनावराला कळतें, मग घांस मागाहून आला तरी चालतें. आमच्या चित्तेवानाजवळ शिटी नव्हती. त्याला घांसच वेळेवर पोंचवावा लागे.

आज प्राणिसंग्रहालयांत याच रीतीनें वाघ आपली कूस जाळीला टेकवून सुई टोंचूं देतो, हत्ती गजांमधून पाय पुढें करून नखें तासून घेतो, चित्ता शेपटींतून रक्त काढूं देतो. पूर्वीं एवढ्यासाठीं जनावराला जखडावें लागे किंवा गुंगीचें औषध द्यावें लागे, आणि गुंगींत जीव जाण्याचा धोका असतोच. मला यांत मोठा वाटणारा फरक असा, कीं येथें नेहमींचें अन्न तोडलेलें नसतें. वाघाला त्या दिवशीं नको असेल तर तो उठून जातो. रखवालदार दुसऱ्या दिवशीं पुन्हां येतो.

चित्तेखान्यानें मात्र आपलें मूळच खाल्लें. बंदिवासांत चित्त्याची पैदास होत नसे. अकबरानें हजार चित्ते जमविले, तरी संतति झाली नाहीं. १६१३ च्या सुमारास एका मादीला तीन पिल्लें झालीं, तेव्हां तें जहांगिरानें नवल म्हणून लिहून ठेवलें. म्हणजे प्रत्येक शिकविलेला चित्ता रानांतून उणा झालेला. शिवाय रानेंहि तुटलीं व बंदुकाहि वाढल्या. अखेर १९१८ ते १९४५ या काळांत हिंदी संस्थानिकांनीं निदान दोनशें चित्ते आफ्रिकेंतून आणविले. कोल्हापूरकरांनींहि तेथूनच मागविले. देशांतील अखेरचे तीन चित्ते १९४७ सालीं मध्य भारतांत कोरिया संस्थानच्या राजांनीं मारले, असें मानतात. १९५२ सालीं सरकारनें हा प्राणी नामशेष झाल्याचें जाहीर केलें.

१७ सप्टेंबर २०२२ रोजीं नामिबियांतून आठ चित्ते कुनोच्या रानांत आले. ते रानांत राहावयाचे आहेत, तेव्हां त्यांना माणसाची ओळख जितकी कमी तितकें बरें. त्यांच्यापुढें पळी धरावयाची नाहीं.