नृसिंहवाडी

नृसिंहवाडी (नरसोबाची वाडी, नरसोबावाडी; पंचक्रोशीत नुसते ‘वाडी’) : कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यातील कृष्णा-पंचगंगा संगमावरचे लहान गाव व दत्तसंप्रदायाचे प्रमुख क्षेत्र. कोल्हापूरहून सु. ५० किमी., सांगलीहून सु. २० किमी.; जवळची रेल्वे स्थानके जयसिंगपूर व मिरज. ग्रामपंचायतीच्या कागदावर ‘नृसिंहवाडी’ असले, तरी एस.टी.त बसणारा माणूस ‘एक वाडी’ एवढेच म्हणतो आणि कंडक्टरला ते पुरते.

गावाची जागा पाहिल्याशिवाय त्याचा स्वभाव कळत नाही. सांगलीकडून वारणेचे पाणी पोटात घेऊन आलेली कृष्णा येथे दक्षिणेकडे वाहते आणि पश्चिमेकडून पंचगंगा तिला येऊन मिळते. या दोहोंच्या बेचक्यात वाडी वसली आहे. कृष्णेपलीकडे औरवाड, गौरवाड, आलास. पंचगंगेपलीकडे पटवर्धनांच्या जुन्या संस्थानाचे कुरुंदवाड. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती या नद्या करवीराजवळ प्रयाग चिखलीपाशी एकत्र येतात, तीच पंचगंगा. पाचवी गुप्त सरस्वती मानतात. पावसाळ्यात कृष्णा भरून असली की पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही, तिचे पाणी मागे तुंबते आणि गावाच्या दोन्ही अंगांनी चढू लागते. वाडीचा इतिहास, पूजा, व्यापार आणि घरांची मांडणी या एका गोष्टीभोवती फिरते.

येथे वस्ती झाली ती नृसिंहसरस्वतींमुळे. लाड कारंजे येथे जन्मलेले हे यती पंधराव्या शतकात कृष्णाकाठी औदुंबर येथे चातुर्मास करून या संगमावर आले आणि परंपरेप्रमाणे बारा वर्षे राहून गाणगापुरास गेले. त्यांच्या ‘मनोहर’ पादुका वाडीस पूजल्या जातात. औदुंबरच्या ‘विमल’ आणि गाणगापूरच्या ‘निर्गुण’ पादुकांशी मिळून हे त्रिस्थान होते. सरस्वती गंगाधरांच्या गुरुचरित्रात पैलतीरावरील अमरापूरची, म्हणजे औरवाडची, महती आहे. घेवड्याच्या वेलाखाली धन सापडलेल्या गरीब ब्राह्मणाची कथा याच परिसरातली. औरवाडचे अमरेश्वराचे देऊळ आणि त्याच्याशी जोडलेल्या चौसष्ट योगिनी आजही वाडीच्या यात्रेकरूला दाखवल्या जातात. ‘वाडी’ हा शब्दच सांगतो की थोरले गाव पलीकडे होते. अलीकडे औदुंबराची झाडे, नदीचा काठ आणि पादुका होत्या. पादुकांची सेवा आलासच्या भैरंभटांकडे आली आणि आजचे पुजारी स्वतःस त्यांचे वंशज मानतात. वंश वाढला तशी घरे वाढली, सेवेच्या पाळ्या ठरल्या आणि पाळ्यांबरोबर गाव बांधले गेले. सेवेपासून वसाहत असा हा क्रम आहे. बाजारपेठ किंवा किल्ल्याभोवती वाढलेल्या गावांहून वाडी वेगळी वाटते ती यामुळे.

मंदिराला कळस नाही. डोक्यावरची बांधणी मुसलमानी धाटणीची आहे. विजापूरच्या आदिलशहाच्या मुलीला येथील अंगाऱ्याने दृष्टी आली, म्हणून त्याने देवालय बांधून औरवाड व गौरवाड ही गावे इनाम दिली, असे परंपरा सांगते. कथेचा ऐतिहासिक आधार काहीही असो, कळसाविना उभे असलेले हे दत्तमंदिर पिढ्यान्‌पिढ्या कोणाला खटकलेले नाही, ही गोष्ट मला कथेइतकीच मोलाची वाटते. आवारात नारायणस्वामी आणि इतर सत्पुरुषांची स्थाने आहेत. माणगावचे वासुदेवानंद सरस्वती तथा टेंबेस्वामी (१८५४–१९१४) यांना वाडीचा ओढा जन्मभर होता. येथील उपासनेला त्यांनी शिस्त लावली आणि त्यांची करुणात्रिपदी येथे नित्य म्हटली जाते.

गावाचा दिवस देवाच्या दिवसाबरोबर चालतो. पहाटेच्या काकड आरतीला घाटावर स्नान करून ओल्या पंचाने आलेली माणसे असतात. मग अभिषेक, दुपारची महापूजा, महाप्रसाद. रात्री पदे म्हणत देवळाभोवती फिरणारी पालखी आणि शेजारती. पालखी हलकेच पुढे सरकते, थांबते, पुन्हा सरकते. भालदार-चोपदारांच्या ललकारीपाठोपाठ औदुंबराखालची माणसे गप्प होतात. गुरुवार, पौर्णिमा आणि मार्गशीर्षातली दत्तजयंती हे गर्दीचे दिवस. अश्विन वद्य द्वादशीला, म्हणजे गुरुद्वादशीला, गाव नृसिंहसरस्वतींचे प्रस्थान आठवते. गुरू कन्या राशीत आला की कन्यागत महापर्वकाळ येतो, तो बारा वर्षांनी; यापूर्वीचा २०१६ मध्ये झाला. त्या वेळी देवाची पालखी शुक्लतीर्थावर स्नानाला जाते.

यात्रेकरू दोन प्रकारचे. एक, दर्शन घेऊन संध्याकाळी परतणारे. दुसरे ‘सेवेला’ येणारे : गुरुचरित्राचे पारायण, प्रदक्षिणा आणि व्रत घेऊन काही दिवस राहणारे. गावातली पुष्कळ घरे या दुसऱ्या माणसांसाठी दार उघडे ठेवून वाढली. पुजाऱ्याच्या घरी उतरायचे, त्यांच्या पंक्तीला जेवायचे, पुढल्या वर्षी मुलाला घेऊन त्याच घरी यायचे, अशी नाती पिढ्यांची असतात. सीमा जवळ असल्याने गल्लीत मराठीइतक्याच सहजपणे कानडी ऐकू येते. दुकानदार दोन्ही बोलतो.

देवळाकडे उतरणाऱ्या रस्त्यावर पेढे, बासुंदी, खवा आणि कवठाची बर्फी. कवठाचा आंबटपणा साखरेत मुरवलेली ही बर्फी वाडीची खूण आहे. ती खाल्ल्याखेरीज परतणारा विरळा. पेढे-बासुंदीचे दूध शिवारातल्या म्हशींचे. नदीने आणून टाकलेल्या गाळाच्या मळीत होणारी वांगी, कृष्णाकाठची म्हणून, सांगली-कोल्हापूरच्या बाजारात वेगळी ओळखली जातात : कमी बियांची, लवकर शिजणारी. अलीकडे शिवार उसाने व्यापले. बारमाही पाण्यामुळे तालुक्यातली बरीच जमीन क्षारपड झाली आहे. ऐलपैल नेणाऱ्या नावा पुलांनी मागे टाकल्या, तरी संगमावर फिरवणारे नावाडी अजून आहेत.

पुराविषयी वाडीची स्वतःची भाषा आहे. ‘पाणी पायरीला लागलं’, ‘पाणी कट्ट्यावर आलं’, ‘पाणी देवळात शिरलं’ असे एकेक टप्पे पावसाळ्यात बोलले जातात. पाणी गाभाऱ्याच्या पातळीला आले की ते उत्तरेच्या दाराने आत शिरते, पादुकांना स्पर्श करते आणि दक्षिणेच्या दाराने बाहेर पडते. त्या दारात बसून स्नान करणे म्हणजे दक्षिणद्वार. पाणी वाढताना होतो तो चढता दक्षिणद्वार, ओसरताना होतो तो उतरता. नेमकी ती पातळी काही तासच टिकते, म्हणून निरोप जातात आणि कोल्हापूर-सांगलीची माणसे मिळेल त्या वाहनाने निघतात. पाणी आणखी चढले तर गाभारा बुडतो; उत्सवमूर्ती वरच्या अंगाला नारायणस्वामी मंदिरात नेतात आणि पूजा तेथे चालू राहते. दुकानदार खालच्या फळीवरचा माल वर चढवतात. दर वर्षीच्या पुराला येथे सण मानतात. ही श्रद्धा तर आहेच, पण नदीबरोबर राहण्याचे शेकडो वर्षांचे ज्ञानही तिच्यात साठलेले आहे : कुठवर पाणी येते, किती वेळ थांबते, काय आधी हलवायचे.

२००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनी या ज्ञानापुढे प्रश्न उभा केला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीला आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली. तेथील धोक्याची पातळी ४५ फूट आहे. कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांपुढे होती, तिथे धोक्याची पातळी ४३. या दोन्ही पाण्यांची गाठ वाडीशी पडते. शिरोळ तालुक्यातल्या गावांना घरे सोडावी लागली, जनावरे हलवावी लागली, ऊस आठवडाभर पाण्याखाली कुजला. कोयना व राधानगरीचा विसर्ग, खाली अलमट्टीचा फुगवटा, पात्रातली आणि पूररेषेतली बांधकामे यांवर वाद चालू आहेत. उन्हाळ्यात उलटे दुःख असते. वरच्या शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी घेऊन पंचगंगा येते, तिच्यावर जलपर्णी माजते आणि स्नानाला उतरलेला माणूस पाण्याकडे पाहून थबकतो. तीर्थाचे पाणी तीर्थ म्हणून ओंजळीत घेता यावे, ही या गावाची मागणी धार्मिक नाही. ती नदीकाठच्या प्रत्येक माणसाची आहे आणि वरच्या अंगाच्या गावांनी व नगरपालिकांनी ती ऐकली पाहिजे.

पाणी उतरले की गावकरी आणि सेवेकरी फावडी-घमेली घेऊन देवळात येतात, पायऱ्यांवरचा गाळ काढतात, गाभारा धुतात, आणि नारायणस्वामी मंदिरातली उत्सवमूर्ती पुन्हा खाली आणली जाते.