‘मी चिठ्ठी लिहिलो’ : क्रियापदांची कोष्टके आणि वैनगंगेपलीकडची भाषा

मराठीच्या एम.ए.च्या वर्गात भाषेचा इतिहास शिकवणाऱ्याला ज्यूल ब्लॉक हे नाव टाळता येत नाही. मराठीच्या घडणीवरचा त्यांचा फ्रेंच प्रबंध १९१४ चा. मध्ये महायुद्ध होऊन गेले आणि ग्रंथ पॅरिसला १९२० मध्ये निघाला. वासुदेव गोपाळ परांजपे यांनी १९४१ मध्ये तो ‘मराठी भाषेचा विकास’ या नावाने मराठीत आणला. परांजप्यांना हे साधले याचे एक कारण उघड आहे. कात्यायनाच्या वार्तिकांवरचा त्यांचा स्वतःचा प्रबंध फ्रेंचमध्येच लिहिलेला होता (१९२२). इंग्रजी वाचकाला मात्र याच ग्रंथाच्या भाषांतरासाठी १९७० पर्यंत थांबावे लागले. मराठी वाचक इंग्रजी वाचकाच्या जवळजवळ तीस वर्षे पुढे होता असे प्रसंग आपल्या वाङ्मयेतिहासात फार नाहीत, म्हणून हा आवर्जून नोंदवायचा.

परंतु ब्लॉक यांचा आणखी एक ग्रंथ आहे. द्रविड भाषांच्या व्याकरणिक रचनेवरचा हा ग्रंथ १९४६ मध्ये प्रसिद्ध झाला. रा. ग. हर्षे यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९५४ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजने छापले. मराठीच्या अभ्यासकांत याचा उल्लेख क्वचित होतो, आणि ते स्वाभाविकही आहे. द्रविड भाषांशी आपला संबंध काय, असे मराठीचा प्राध्यापक म्हणू शकतो. चंद्रपूर-गडचिरोलीतल्या प्राध्यापकाला मात्र तसे म्हणण्याची सोय नाही. या ग्रंथात ब्लॉक केवळ तमिळ, तेलुगू, कन्नड या ग्रंथसंपन्न भाषांवर थांबत नाहीत. ज्यांच्याजवळ जुने लिखित वाङ्मय नाही अशा कुई, कुडुख, ब्राहुई या भाषांची साक्ष ते बरोबरीने काढतात, आणि त्यांच्या रांगेत गोंडीही असते. ज्याने आपल्या भाषेचा इतिहास लिहिला, त्याच माणसाने आपल्या विद्यार्थ्यांच्या घरातल्या भाषेचेही व्याकरण पाहिले होते. दोन पुस्तके, एक लेखक. पण आमच्या अभ्यासक्रमात त्यातले एकच आले.

ब्लॉक मुळातून वाचावेत या हट्टापायी आम्ही काहीजणांनी चाळिशी उलटल्यावर फ्रेंचचा श्रीगणेशा केला. हाती आले ते गास्तों मोझे यांचे निळे पुस्तक. त्याचा पहिला भाग १९५३ चा, म्हणजे ब्लॉक यांचे निधन झाले त्याच वर्षीचा. नवशिक्याची पहिली परीक्षा क्रियापदाच्या कोष्टकात होते. ‘पार्ले’ म्हणजे बोलणे. ज पार्ल, त्यु पार्ल, इल पार्ल, नू पार्लों, वू पार्ले, इल पार्ल. लिहिताना सहा खान्यांत पाच निरनिराळी रूपे. कानाला मात्र तीनच. मी, तू, तो आणि ते या चौघांची लिपीत तीन रूपे दिसतात आणि उच्चारात ती एकच होतात. म्हणूनच फ्रेंचला सर्वनाम टाकता येत नाही. मराठीत ‘येतोस का?’ एवढे पुरते, कारण तो ‘स’ कोणाला विचारले हे सांगून जातो. फ्रेंच प्रत्ययांचा आवाज काळाच्या ओघात झिजला आणि त्यांचे काम सर्वनामावर आले. शाळेत पाठांतर म्हणून ज्याचा कंटाळा केला जातो त्या कोष्टकात असा इतिहास गोठलेला असतो.

भूतकाळाशी आलो तेव्हा आम्हां मराठी माणसांना अनपेक्षितपणे घरी आल्यासारखे वाटले. फ्रेंच शिकणारे इथे सहसा अडखळतात. फ्रेंचचा नित्याचा भूतकाळ साहाय्यक क्रियापद आणि धातुसाधित मिळून होतो. येणे, जाणे अशा काही क्रियापदांना ‘असणे’ लागते आणि धातुसाधित कर्त्याप्रमाणे बदलते. ती आली असेल तर लिहिताना शेवटी स्त्रीलिंगाची खूण येते. बहुतेक क्रियापदांना ‘जवळ असणे’ या अर्थाचे साहाय्यक लागते, आणि तेथे धातुसाधित कर्त्याकडे पाहतच नाही. कर्म आधी येऊन गेले असेल तर मात्र ते कर्माचे लिंग घेते. ‘मी चिठ्ठी लिहिली’ याला ‘ज ए एक्री यून लेत्र’. पण ‘मी लिहिलेली चिठ्ठी’ म्हणताना ‘ला लेत्र क ज ए एक्रीत’. त्यांची ‘लेत्र’ आणि आपली ‘चिठ्ठी’ दोन्ही स्त्रीलिंगी. ‘एक्रीत’मधला शेवटचा ‘त’ ऐकू येतो, आणि तो लिहिणाऱ्याचा नसून चिठ्ठीचा असतो. आपल्या व्याकरणात याला कर्मणी प्रयोग म्हणतात. ‘मी आलो’ कर्तरी, ‘मी चिठ्ठी लिहिली’ कर्मणी. संस्कृतातले धातुसाधित मराठीत भूतकाळी क्रियापद होऊन बसले, लॅटिनमधले फ्रेंचमध्ये. दोन्ही ठिकाणी ते मुळात विशेषण होते आणि विशेषणाची सवय, म्हणजे नामाचे लिंग पाहण्याची, त्याने सोडली नाही. फ्रेंचने ती अर्धीमुर्धी ठेवली, मराठीने जवळजवळ पूर्ण.

आता आमच्या वर्गाकडे वळू. एटापल्ली, भामरागड, धानोरा या तालुक्यांतून येणाऱ्या मुलांच्या उत्तरपत्रिकांत ‘मी चिठ्ठी लिहिलो’ हे वाक्य नेहमी भेटते. त्याखाली लाल रेघ येते, गुण जातो, आणि क्वचित समासात ‘मराठी कच्चे’ असा शेराही. कच्चे म्हणजे काय, हा आमचा प्रश्न आहे. ज्याला प्रयोग कळत नाही त्याची चूक अस्ताव्यस्त असायला हवी. कधी लिहिली, कधी लिहिले, कधी लिहिलो. येथे तसे होत नाही. क्रियापद प्रत्येक वेळी कर्त्याचाच हात धरते.

गोंडीत ते तसेच असते. उत्तरेकडच्या गोंडीच्या व्याकरणांत ‘करणे’ या क्रियापदाची वर्तमानकाळची रूपे अशी दिली जातात : नन्ना कीआतोना (मी), इम्मा कीआतोनी (तू), ओर कीआतोर (तो), अद कीआता (ती, ते), अनेकवचनी कीआतोरोम (आम्ही), कीआतोरीट (तुम्ही), कीआतोर्क (ते पुरुष), कीआतांग (त्या, ती). आठ खाने, आणि आठही कानाला वेगळे. पॅरिसच्या भाषेत जे झिजून गेले ते येथे शाबूत आहे. ‘मी’ बोलतो तेव्हा बोलणारा पुरुष की स्त्री हे क्रियापद विचारत नाही. ‘करतो’ आणि ‘करते’ अशी मराठीने प्रथम पुरुषातही घातलेली फाळणी गोंडीला ठाऊक नाही. (आमच्याकडे कित्येक घरांत बायाही ‘मी येतो’ म्हणतात, ते यासोबत ध्यानात घ्यावे.) भूतकाळातही कर्म कोणत्या लिंगाचे याच्याशी क्रियापदाला कर्तव्य नाही. केले कोणी, एवढेच ते सांगते.

लिंगव्यवस्था आणखी निराळी. पुरुष एका बाजूला, आणि स्त्री, पशू, वस्तू हे सारे दुसऱ्या बाजूला. ‘अद’ म्हणजे तीही आणि तेही. यावरून गोंडी समाजात स्त्रीचे स्थान काय असा निष्कर्ष काढण्याचा मोह काहींना होतो. आम्हांला तो उथळ वाटतो. मराठीत मूल नपुंसकलिंगी आहे म्हणून कोणी आपल्या वात्सल्यावर शंका घेत नाही.

ही कोष्टके मांडली कोणी, हा इतिहास मात्र पाहण्याजोगा आहे. ड्रायबर्ग आणि हॅरिसन यांनी नर्मदेकडच्या गोंडीचे छोटे व्याकरण १८४९ मध्ये छापले. कॉल्डवेल यांनी १८५६ च्या तौलनिक व्याकरणात गोंडीच्या क्रियापदाच्या समृद्धीची विशेष दखल घेतली. नागपूरचे पाद्री स्टीफन हिस्लॉप १८६३ मध्ये बुडून वारले. त्यांचे टिपण रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये प्रसिद्ध केले, त्यात गोंडी शब्द होते आणि लिंगोचे गीतही. १८९० मध्ये विल्यमसन यांचे व्याकरण लंडनहून आले. ग्रियर्सन यांच्या सर्वेक्षणाचा मुंडा आणि द्रविड भाषांचा चौथा खंड १९०६ चा. तो लिहिणारे स्टेन कोनो नॉर्वेचे. गोंडीच्या त्या बहुचर्चित समृद्धीला त्यांनी मापात आणून बाकीच्या द्रविड भाषांच्या पंक्तीत बसवले. ट्रेंच या सनदी अधिकाऱ्याचे बैतुलच्या गोंडीचे व्याकरण १९१९ आणि १९२१ अशा दोन भागांत निघाले. या यादीत आम्हांला सर्वांत जवळचे वाटते ते लिंड यांचे १९१३ चे माडियाचे हस्तपुस्तक. ते छापले गेले केडगावला, मुक्ति मिशनच्या छापखान्यात. पंडिता रमाबाई तेव्हा हयात होत्या. माडियाच्या व्याकरणाचे एक आरंभीचे पुस्तक पुणे जिल्ह्यातून, रमाबाईंच्या आवारातून बाहेर पडावे, आणि रमाबाईंवर इतके लिहिणाऱ्या आपण मराठी लोकांनी त्याकडे ढुंकूनही पाहू नये, हे आम्हांला विलक्षण वाटते.

धर्मोपदेशकाला उपदेश करायचा होता, अधिकाऱ्याला कारभार चालवायचा होता, भाषाशास्त्रज्ञाला कुळ लावायचे होते. प्रत्येकाने आपापल्या गरजेपुरती गोंडी शिकली आणि आपापल्या भाषेत तिची कोष्टके मांडली. ज्याला या कोष्टकाची रोज गरज पडणार होती तो मराठी शिक्षक यांपैकी कोणाच्याच डोळ्यांपुढे नव्हता. पुढे मोतीरावण कंगाली यांच्यासारख्यांनी आतून लिहिले, पण तेही डी.एड., बी.एड.च्या वर्गापर्यंत पोचलेले आम्हांला दिसत नाही. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे २९ लाखांहून अधिक होते. आठव्या अनुसूचीत मात्र गोंडी नाही.

एक सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. ‘मी काम केलो’ हे केवळ गोंडी घरांतले नाही. पूर्व विदर्भातल्या मराठी घरांतही ते ऐकू येते, सोलापूर-लातूरकडेही येते. तिकडे शेजार कन्नड-तेलुगूचा, इकडे गोंडी-तेलुगूचा. तेव्हा द्रविड शेजाराचा परिणाम म्हणून आपण मोकळे होऊ शकतो. पण प्रमाण मराठीचे स्वतःचे वागणे पाहिले तर गोष्ट इतकी सरळ राहत नाही. ‘तू चिठ्ठी लिहिलीस.’ यातली ‘ली’ चिठ्ठीची आहे आणि ‘स’ तुझा. एकाच क्रियापदाने दोन धन्यांची चाकरी पत्करली आहे, आणि ही चाकरी व्याकरणाच्या पुस्तकात शुद्ध म्हणून छापलेली आहे. द्वितीय पुरुषात प्रमाण मराठीने कर्त्याला जो हात दिला तोच धानोऱ्याच्या मुलाने प्रथम पुरुषात दिला. त्याने कर्माचा हात सोडला, एवढा फरक. उत्तरपत्रिकेत रेघ मारायची की नाही हा परीक्षेचा प्रश्न आहे आणि प्रमाण भाषेच्या परीक्षेत ती मारावीच लागेल. परंतु रेघेखाली काय आहे ते मुलाला सांगता आले पाहिजे, आणि त्यासाठी त्याचे कोष्टक आपल्याला यावे लागते.

तुलनेने मराठीने द्रविड शेजाराकडून घेतले असे सामान्यतः मानतात त्या ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांना कोणी अशुद्ध म्हणत नाही. ऐकणाऱ्याला बाहेर ठेवणारा ‘आम्ही’ आणि आत घेणारा ‘आपण’ असा भेद फ्रेंचमध्ये नाही. तेथे एकटा ‘नू’ दोन्हींचे काम करतो. हा लेख लिहिताना कुठे ‘आम्ही’ आणि कुठे ‘आपण’ हे ठरवणे आम्हांला याच शेजारामुळे शक्य झाले.

सध्या आम्ही दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांसोबत एक वही भरतो आहोत. एका पानावर मोझेच्या धाटणीचे रिकामे कोष्टक, वर क्रियापद, डावीकडे सर्वनामे. करणे, येणे, खाणे, देणे एवढी चार क्रियापदे झाली आहेत. धानोऱ्याचे रूप आणि भामरागडचे रूप पुष्कळदा जुळत नाही आणि मुले हिरिरीने भांडतात. दोन्ही लिहून ठेवायची असे ठरले आहे. सहा खान्यांचे कोष्टक मात्र पुरले नाही. तिसऱ्या पुरुषाच्या खालच्या खान्यावर आम्ही मराठी सवयीने ‘ती’ आणि ‘ते’ असे दोन रकाने आखले होते. भामरागडच्या मुलीने मधली रेघ खोडली आणि वर ‘अद’ लिहिले.