जमीन आणि भिंत यांच्या सांध्यात

बटण दाबले की दिवा लागतो. तो दिवा लागण्यापूर्वी वीज कोणत्या वाटेने घरात आली, याचा विचार घरात राहणारा मनुष्य सहसा करीत नाही. तळमजल्यावरील फलकापासून ती निघते, भिंतीतून वर चढते, तक्तपोशीतून किंवा स्लॅबमधून आडवी जाते आणि पुन्हा एखाद्या भिंतीत शिरते. या साऱ्या प्रवासात सर्वांत अवघड जागा कोणती, असे एखाद्या अनुभवी वायरमनला विचारले, तर तो जमीन आणि भिंत जेथे एकमेकींना मिळतात त्या सांध्याकडे बोट दाखवील. तेथे तारेला वळावे लागते. तेथे सुताराचे किंवा स्लॅब घालणाऱ्याचे काम संपते आणि गवंड्याचे सुरू होते. आणि एका मजल्याचा दुसऱ्या मजल्याशी संबंध जोडणारे भोकही तेथेच पडते.

या जागी तीन कामे करावी लागतात. तारेला वाट दाखवावयाची, तिला आधार द्यावयाचा आणि ती पलीकडे गेल्यावर तिच्या भोवतीची मोकळी जागा बुजवावयाची. पहिली दोन कामे माणूस बऱ्याच लवकर शिकला. तिसरे कळून येण्यास मात्र जवळजवळ शंभर वर्षे लागली आणि त्याची किंमतही फार मोठी मोजावी लागली. त्या शंभर वर्षांचा हा वृत्तांत आहे.

४ सप्टेंबर १८८२ रोजी एडिसनने न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरील केंद्रातून आसपासच्या इमारतींना वीज पुरविण्यास आरंभ केला. त्या इमारती विजेसाठी बांधलेल्या नव्हत्या. त्यांच्यात गॅसच्या दिव्यांचे नळ होते, आणि जमिनी व पडद्या लाकडी होत्या. तारेवर सुताचे वेष्टण असे आणि त्यावर रंगाचा लेप देत. आग-विमा कंपन्यांच्या मान्यतेमुळे या तारेला ‘अंडररायटर्स वायर’, म्हणजे विमेवाल्यांची तार, असे नाव पडले होते. परंतु सुताचे वेष्टण ओल धरी, आणि ओल धरली की ते विजेला अडवू शकत नसे. लोक थट्टेने तिला ‘अंडरटेकर्स वायर’, म्हणजे अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्याची तार, म्हणू लागले. थट्टेत तथ्य होते. अशी तार लाकडी तुळईला घासून भिंतीत उतरली की घासलेल्या जागी ठिणगी पडण्याचा संभव असे, आणि ती जागा तर कोणाच्या दृष्टीस पडत नसे.

यावर पहिला उपाय निघाला तो लाकडी पट्टीचा. पट्टीला दोन खाचा पाडावयाच्या, एकेका खाचेत एकेक तार बसवावयाची आणि वरून झाकण ठोकावयाचे. आपल्याकडील वायरमन ज्याला केसिंग-कॅपिंग म्हणतात ते हेच. सागवानी पट्टीचे असे काम, आणि त्याच्या मागून आलेले रबरी वेष्टणाच्या तारा पत्र्याच्या क्लिपांनी पट्टीवर बसविण्याचे काम, जुन्या वाड्यांतून व कचेऱ्यांतून कोठे कोठे अद्याप टिकून आहे. भिंतीवरून सरळ जाताना ही पट्टी दिसावयास नीटस दिसते. परंतु जमिनीच्या सांध्यापाशी तिची परीक्षा होते. फरशी धुतलेले पाणी तेथेच साचते, पावसाळ्यातील ओल भिंतीच्या पायथ्याशीच अधिक धरते, आणि ओले लाकूड तारेचा संरक्षक न राहता वैरी होऊन बसते.

अमेरिकेत दुसरी एक रीत रूढ झाली. चिनी मातीच्या लहान खुंट्यांवर तार ताणून न्यावयाची, म्हणजे ती लाकडाला स्पर्श न करता हवेत अधांतरी राहते; आणि जेथे तुळईतून किंवा लाकडी चौकटीतून पार जाणे भाग असेल तेथे भोकात चिनी मातीची नळी बसवून तीतून तार ओवावयाची. या नळीच्या एका तोंडाला टोपीसारखा कंगोरा असे. नळी किंचित तिरपी बसवीत आणि कंगोरा वरच्या अंगाला ठेवीत, म्हणजे ती आपल्या भाराने खाली घसरून पडत नसे. पडदीच्या तळाशी जे आडवे लाकूड असते त्यातून तार जाताना आणखी एक काळजी घ्यावी लागे. गिलावा करताना चुन्याचे ओले गोळे पडदीच्या पोकळीत गळून त्या तळाच्या लाकडावर साचतात. तार त्या ढिगात बुडू नये म्हणून नळी लाकडाच्या पुढे निदान तीन इंच निघालेली असावी, असा नियम अमेरिकेच्या वीजविषयक नियमावलीत आला आणि तो पुढेही टिकला. तीन इंच म्हणजे काही मोठे अंतर नव्हे. परंतु त्या तीन इंचांत, वायरमन निघून गेल्यावर गवंडी येणार आहे आणि त्याच्या हातून चुना गळणार आहे, हे आधी ओळखण्याचा शहाणपणा आहे.

असे नियम पुस्तकी विचारांतून उपजले नाहीत. त्यांच्यामागे आग होती आणि आगीची भरपाई देणाऱ्या विमा कंपन्या होत्या. १८९३ साली शिकागो येथे जागतिक प्रदर्शन भरले. लाखो दिव्यांनी उजळलेल्या त्या मंडपांना आगीचे भय कितपत आहे हे पाहण्यासाठी विलियम हेन्री मेरिल नावाच्या तरुण वीज-अभियंत्यास विमेवाल्यांनी तेथे बोलाविले. त्या अनुभवावरून त्याने १८९४ साली विजेच्या साहित्याची परीक्षा करणारी प्रयोगशाळा काढली. त्या काळी अमेरिकेत वायरिंगच्या निरनिराळ्या पाच नियमावल्या चालू होत्या. एका नियमावलीप्रमाणे शुद्ध ठरणारे काम दुसरीप्रमाणे अशुद्ध ठरे. १८९६ साली न्यूयॉर्क येथे सर्व पक्ष एकत्र बसले आणि १८९७ साली एकच राष्ट्रीय नियमावली सिद्ध झाली.

याच सुमारास नळीची कल्पना पुढे आली. एडिसनचा एक जुना सहकारी, एडवर्ड जॉन्सन, याने न्यूयॉर्क येथे एक कंपनी काढून डांबर पाजलेल्या कागदाच्या नळ्या बाजारात आणल्या. त्यांतील मुख्य विचार असा की, इमारत बांधतानाच नळ्यांचे जाळे भिंतींतून व जमिनींतून बसवून ठेवावे आणि तारा मागाहून त्यांतून ओढाव्यात. तार खराब झाली तर ती ओढून काढावी आणि नवी घालावी; भिंत फोडण्याचे कारण पडू नये. कागदाची नळी खिळ्याने सहज भोसकली जाई, म्हणून तिच्यावर धातूचे कवच आले. आणि पुढे आतील कागदही गळून पडला व नुसती लोखंडी नळीच उरली. वायरमनच्या तोंडी तिचे नाव कॉन्ड्युइट.

लोखंडी नळीने वाट पक्की केली, परंतु सांध्याचा प्रश्न नव्या रूपाने उभा केला. नळी जमिनीतून भिंतीत वळवावयाची तर तिला बाक द्यावा लागतो. बाक फार आखूड झाला की नळी चेपते आणि ओढताना तारेचे वेष्टण सोलून निघते. म्हणून बाकाच्या त्रिज्येला मर्यादा ठरली. आणि तार ओढण्याच्या दोन ठिकाणांमध्ये मिळून चार काटकोनांहून अधिक वळणे असू नयेत असाही नियम झाला. उंच इमारतीत तर उभ्या नळीतील तारेचा स्वतःचा भारच मोठा होतो. ती वरच्या टोकाला नुसती लोंबकळत राहिली तर जोडावर ताण येतो. म्हणून ठराविक उंचीवर तिला पकड देऊन तो भार मध्येच झेलावा लागतो.

पुढे सिमेंट-काँक्रीटचे युग आले आणि कामाचा क्रमच बदलला. लाकडी घरात जमीन व पडदी उभी राहिल्यावर भोक पाडता येत असे. काँक्रीटमध्ये नळी आधी, स्लॅब नंतर आणि भिंत त्याच्याही नंतर. सळयांच्या जाळीवर नळ्या बांधावयाच्या, भिंत जेथे येणार तेथे त्यांची तोंडे वर काढून ठेवावयाची आणि मग काँक्रीट ओतावयाचे. ओतताना माणसे त्या जाळीवरून चालतात, घमेली पडतात, काँक्रीट हलविणारे यंत्र फिरते. उभी नळी चांगली बांधलेली नसेल तर ती कलते. चार दिवसांनी गवंडी भिंतीची दोरी धरतो, तेव्हा नळी भिंतीच्या पोटात न येता बाहेर खोलीत उभी असल्याचे दिसते. मग तिला बळेच वाकवितात, नाहीतर कापतात, नाहीतर घट्ट झालेली स्लॅब फोडतात. म्हणून नळीला जागेवर घट्ट धरणारे आणि तिचा बाक राखणारे निरनिराळे आधार, पकडी व मार्गदर्शक साचे निघाले. त्यांचे काम काही तासांचेच असते. एकदा काँक्रीट घट्ट झाले की ते कायमचे आत गाडले जातात.

येथवर दोन कामे साधली होती. तिसरे राहिले होते. तारेसाठी पाडलेले भोक तारेपेक्षा मोठे असते. उरलेल्या फटीतून काय जाते? एरवी थोडी हवा जाते. परंतु खाली आग लागली की तीच फट धुराडे होते. तापलेली हवा वर चढते, ती आपल्याबरोबर धूर आणि ज्वाला नेते, आणि ज्या भिंती व स्लॅब आगीला अडविण्यासाठी बांधल्या त्यांना ती वळसा घालते.

१९७५ साली अवघ्या तेवीस दिवसांच्या अंतराने दोन घटना घडल्या आणि जगाचे डोळे उघडले. २७ फेब्रुवारी रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, न्यूयॉर्कच्या सेकंड ॲव्हेन्यूवरील टेलिफोन केंद्राच्या तळघरात, जेथे साऱ्या केबल एकत्र येतात तेथे, आग लागली. ती केबलच्याच वाटेने वरच्या मजल्यांवर चढली. सुमारे सातशे अग्निशामक जवान तिच्याशी झुंजले. जवळजवळ १,७०,००० टेलिफोन मुके झाले आणि ते पूर्ववत होण्यास तीन आठवडे लागले. त्या दिवशी कोणी दगावले नाही. परंतु जळत्या प्लास्टिकचा विषारी धूर ज्यांनी छातीत घेतला त्यांतील अनेकांना पुढे दुखण्यांनी गाठले.

२२ मार्च रोजी अलाबामा राज्यातील ब्राउन्स फेरी अणुवीज केंद्रात दुसरी घटना घडली. तेथे केबल भिंतीतून पार नेण्यासाठी भोके होती आणि त्यांच्यातील फटी बुजविण्याचे काम चालू होते. म्हणजे तिसऱ्या कामाची जाणीव तेथे होती. परंतु बुजविण्यासाठी घेतलेला पदार्थ पेट घेणारा फोम होता. फटीतून हवा येते की नाही हे पाहण्यासाठी कामगाराने तेथे मेणबत्ती धरली. हवेच्या झोताने ज्योत आत ओढली गेली आणि फोम पेटला. भिंतीच्या पलीकडे आग पसरून सुमारे १६०० केबल निकामी झाल्या. नियंत्रण-कक्षातील फलक भलतेच दाखवू लागले. आग सात तासांहून अधिक काळ चालली. दोन्ही अणुभट्ट्या अखेर सुखरूप बंद झाल्या, परंतु अनेक पंप ऐन वेळी हाताशी नसल्यामुळे मोठी धावपळ करावी लागली.

या धड्यानंतर फट बुजविणे हे एक स्वतंत्र शास्त्र झाले. अमेरिकेत १९८० साली अणुवीज केंद्रांसाठी आगीपासून संरक्षणाचे कडक नियम आले. भिंतीतील व स्लॅबमधील बुजविलेली भोके प्रत्यक्ष भट्टीसमोर ठेवून तपासण्याच्या पद्धती ठरल्या. उष्णता लागताच फुगून फट गच्च भरणारी द्रव्ये निघाली. प्लास्टिकची नळी तर आगीत वितळून स्वतःच भोक मोकळे करते; म्हणून तिच्या भोवती फुगणाऱ्या द्रव्याचे कडे बसवितात, आणि ते नळीला चिरडून वाट बंद करते. भारताच्या राष्ट्रीय इमारत संहितेतही विजेच्या केबलांसाठी स्वतंत्र उभी वाट असावी आणि ती प्रत्येक मजल्यावर न जळणाऱ्या पदार्थाने बंद केलेली असावी, असे सांगितले आहे.

नियम छापले म्हणजे भोक बुजत नाही. इमारत पुरी होते तेव्हा सर्व काही यथास्थित असते. मग टीव्हीची केबल येते, मागून इंटरनेटची येते, वातानुकूलन यंत्राची येते. दर खेपेस कोणी तरी ड्रिलने एक भोक पाडतो, तार ओढतो आणि निघून जातो. जिन्याशेजारच्या त्या उभ्या वाटेचे दार उघडून मजल्यामजल्याच्या स्लॅबपाशी तारांच्या भोवती काय आहे, हे पाहण्याचे काम कोणाचेच नसते. सोसायटीच्या चिटणीसाने वर्षातून एकदा बॅटरी घेऊन ते दार उघडावे, उजेड खालच्या मजल्यावर पडतो का ते पाहावे, आणि पडत असेल तर ती फट योग्य द्रव्याने बुजवून घ्यावी. त्याला फार तर एक सकाळ लागेल. हे काम कोणाच्या दृष्टीस पडणार नाही. परंतु खालच्या मजल्यावर एखाद्या रात्री आग लागलीच, तर वर निजलेल्या माणसांना जिना उतरून जाण्यास अवधी मिळेल.