तितिक्षा आणि सेवा

उपासकाळाचे चाळीस दिवस सुरू झाले, की मालवण-वेंगुर्ल्याच्या किनाऱ्यावरील ख्रिस्ती घरांतून खाण्यापिण्यास व समारंभांस आळा बसतो. ह्या घरांपैकी पुष्कळांची मुळे गोमंतकात आहेत. शेजाऱ्यांचे हे व्रत आपण बहुधा रूढी म्हणूनच पाहतो. परंतु आत्मसंयमनाचा हेतू काय, हे समजून घ्यावयाचे असल्यास गोमंतकातीलच एका पुरुषाचे चरित्र पाहावे.

जोसेफ वाझ यांचा जन्म १६५१ साली साष्टीतील बाणावली येथे झाला. १६७६ साली ते धर्मगुरू झाले आणि पुढच्याच वर्षी, सांकवाळ येथे, आपण मरियामातेचे आजन्म दास आहोत असा लेख त्यांनी लिहून ठेवला. ज्याने दास्य स्वेच्छेने पत्करले, त्यास पुढे बंदिवासाचे भय कसले?

सिंहलद्वीपाच्या किनाऱ्यावर त्या काळी डचांची सत्ता होती व कॅथलिक धर्मगुरूंस तेथे मज्जाव होता. १६८७ साली वाझ वेषांतर करून जाफन्यास पोहोचले, ते अतिसाराने मरणोन्मुख होऊनच. १६९२ साली ते कँडीस गेले, तेव्हा पोर्तुगिजांचे हेर समजून तेथील राजाने त्यांस कैदेत टाकले. त्यांनी त्रागा केला नाही, की नुसते दिवसही मोजले नाहीत. तुरुंगातच ते सिंहली भाषा शिकले आणि आवारात झोपडी उभारून तीत त्यांनी वेदी मांडली.

परंतु ह्या तितिक्षेची खरी कसोटी १६९७ साली लागली. कँडीत देवीची साथ पसरली आणि आप्तजन रोग्यांस रानात नेऊन टाकू लागले. वाझ व त्यांचे भाचे जोसेफ कार्व्हालो यांनी त्या टाकलेल्यांस निवारा दिला, अन्न भरविले, मृतांस मूठमाती दिली. स्वतःचे दुःख मुकाट्याने सोसणाऱ्या ह्या पुरुषाने रोग्यांस मात्र 'सोसा' असे सांगून वाटेस लाविले नाही.

ह्याच ठिकाणी तितिक्षेची मर्यादा स्पष्ट होते. सोसावे ते आपले दुःख. दुसऱ्याचे दुःख स्वस्थपणे सोसणे ही तितिक्षा नव्हे, ते काठिण्य होय. दुर्बळांस सहनशीलतेचा उपदेश करून आपण निश्चिंत राहणारे लोक सर्वच धर्मांत आढळतात. त्यांस वाझ यांचे नाव घेण्याचा अधिकार नाही.

१६ जानेवारी १७११ रोजी कँडी येथे त्यांचा अंत झाला. मायभूमीचे दर्शन त्यांस पुन्हा घडले नाही. २०१५ साली कोलंबो येथे पोप फ्रान्सिस यांनी त्यांस संतपद दिले. उपासाने रिकामी ठेवलेली थाळी भुकेल्याच्या दारी पोहोचली, तरच व्रत पुरे झाले, हाच त्या आयुष्याचा अर्थ.