जुन्या सेडानची घरगुती देखभाल: महाराष्ट्रातील वाटचाल

चार दारे, मागे बंद डिकी आणि आत ऐसपैस बैठक असलेल्या मोटारीला सेडान म्हणतात. अशी गाडी तीस-चाळीस वर्षे चालती ठेवायची, तीही बहुतांशी मालकाच्या अंगणात किंवा गल्लीतल्या मिस्त्रीच्या हाताने, ही पद्धत महाराष्ट्रात टंचाईतून रुजली; हौस तिच्यात पुढे मिसळली. नवी गाडी मिळत नव्हती, परदेशी सुटे भाग येत नव्हते, म्हणून आहे तीच गाडी पुन:पुन्हा उघडून दुरुस्त करावी लागे.

मोठ्या आलिशान गाड्यांचा पहिला काळ दोन महायुद्धांच्या दरम्यानचा. फोर्ड कंपनीने १९२६ मध्ये भारतात बस्तान बसवले आणि जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्या जोडण्याचा कारखाना काढला. सुटे भाग बोटीने येत आणि येथे एकत्र जुळवले जात. त्यामुळे शेवरोले, ब्युइक यांसारख्या गाड्यांचे भाग आणि ते ओळखणारे फिटर एकाच शहरात तयार झाले. श्रीमंत घरांत व संस्थानांत देखभालीचे काम ड्रायव्हरकडे असे. तो गाडी चालवी, रोज पुसून काढी, पाणी-तेल पाही, ग्रीस भरी आणि किरकोळ बिघाड स्वतः काढी. संस्थाने गेली तरी काही घराण्यांनी गाड्या जपल्या. कोल्हापूरच्या राजघराण्याची राजाराम महाराजांच्या काळातली मेबॅक मोटार दसऱ्याच्या शाही सोहळ्यात आजही बाहेर निघते.

स्वातंत्र्यानंतर चित्र पालटले. वालचंद हिराचंद यांनी त्याआधीच, १९४४ मध्ये, प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली होती. क्रायस्लरशी करार करून कुर्ल्याच्या कारखान्यात १९४७ पासून डॉज, प्लिमथ आणि डी सोटो गाड्या जोडल्या जाऊ लागल्या. १९५३ मध्ये सरकारने धोरण बदलले: ज्या कंपन्या भाग येथेच बनवणार नाहीत त्यांना नुसती जोडणी करता येणार नाही. फोर्ड आणि जनरल मोटर्स दोघांनीही १९५४ पर्यंत गाशा गुंडाळला. आयातीवरही कडक बंधने आली. रस्त्यावरच्या अमेरिकन सेडान अशा रीतीने पोरक्या झाल्या. त्यांतल्या अनेक मुंबईत टॅक्सी म्हणून धावल्या. पेट्रोल महागल्यावर कित्येकांचे अवजड पेट्रोल इंजिन उतरवून जागी डिझेल इंजिन बसवले गेले. मूळ गाडीशी ही प्रतारणा होती, पण त्यामुळेच ती भंगारात जायची वाचली.

या काळात घरोघरच्या देखभालीला खरे वळण दिले ते फियाटने. प्रीमियरने १९५४ मध्ये फियाट ११०० बाजारात आणली, १९६४ मध्ये तिची ११०० डी ही आवृत्ती काढली. फियाटशी असलेला करार संपल्यावर तीच गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट आणि १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी या नावाने विकली गेली. १०८९ घनसेंटिमीटरचे चार सिलिंडरी इंजिन, स्टिअरिंगच्या दांड्यालगतचा गिअर, मागे पाट्यांच्या स्प्रिंग आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, अशी तिची साधी रचना होती. आकाराने ती लहान असली तरी मध्यमवर्गाच्या दृष्टीने ती चैनच होती. नोंदणी केल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, म्हणून हाती आलेली गाडी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली जाई.

तिची देखभाल घरी जमण्याचे कारण इंजिनच्या रचनेतच होते. बॉनेट उघडले की प्रत्येक भागापर्यंत हात पोहोचे. ठिणगीच्या यंत्रणेतले कॉन्टॅक्ट पॉइंट काळे पडले की पॉलिश पेपरने घासायचे आणि फीलर गेज लावून फट जुळवायची. प्लग काढून ब्रशने साफ करायचे. कार्बोरेटरचे जेट तुंबले तर ते सोडवून फुंकर मारायची. टॅपेटचा आवाज वाढला तर झाकण उघडून फट बसवायची. पुढच्या चाकांच्या किंगपिनला आणि सांध्यांना ठरावीक अंतराने ग्रीस भरणे हा तर नेमच होता, कारण ग्रीस आटले की पिन झिजून चाके डगमगत. दोन-चार पाने, पक्कड, स्क्रूड्रायव्हर, जॅक आणि ग्रीसगन एवढ्या साहित्यावर सुट्टीच्या दिवसाचे काम उरके. बॅटरी उतरली तर पुढून हँडल मारता येई किंवा गल्लीतली चार माणसे धक्का देत. व्हॉल्व्ह घासून बसवणे, सिलिंडर बोअर करून नवे पिस्टन-रिंग टाकणे, हेड सपाट करून घेणे ही कामे मात्र घरची नव्हती. इंजिन खोलून त्याचे भाग लेथवाल्याकडे जात.

सुट्या भागांची बाजारपेठ ही या व्यवस्थेची दुसरी बाजू. मुंबईत ऑपेरा हाऊसच्या परिसरात मोटारींच्या भागांची दुकाने होती. चोरबाजारात आणि कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर मोडीत निघालेल्या गाड्यांचे भाग मिळत. जो भाग कुठेच मिळत नसे, तो लेथवर वळवून घेतला जाई किंवा दुसऱ्या गाडीचा भाग कापून, छिद्र पाडून बसवला जाई. मुंबईच्या हजारो टॅक्सी फियाटच असल्यामुळे तिचे भाग स्वस्त राहिले आणि त्याचा फायदा खाजगी मालकालाही झाला. छोट्या गावातल्या गाडीलाही मुंबई-नाशिकच्या दुकानातून भाग आणून काम भागवता येई.

पत्र्याची निगा मात्र सर्वांत कठीण ठरली. फियाटला वेगळी चौकट नव्हती. सांगाडा आणि पत्रा मिळून एकच कवच होते. त्यामुळे तळ किंवा दारांखालची पट्टी गंजली की गाडीची ताकदच जाई. मुंबईची खारी हवा आणि सह्याद्रीच्या पावसाळी पट्ट्यातला, म्हणजे इगतपुरी, त्र्यंबकेश्वर, हरसूल, जव्हार या भागांतला मुसळधार पाऊस हे गंजाचे माहेरघर. पावसाळ्याआधी गाडीच्या तळाला काळा रंग किंवा जुने तेल फासणे, दारांतली पाणी वाहून जायची छिद्रे मोकळी ठेवणे आणि ओली पायपुसणी लगेच वाळवणे ही त्यावरची घरगुती तजवीज. डेंटिंगवाला कुजलेला पत्रा कापून नवा वेल्ड करी, त्यावर लांबी (पुट्टी) भरून रंग देई. लांबीच्या जाड थराखाली गंज चालूच राहिला तर काही वर्षांनी फुगा धरे, आणि तेच काम पुन्हा करावे लागे.

ऐंशीच्या दशकात कोलकात्याच्या हिंदुस्तान मोटर्सने कॉन्टेसा आणली. व्हॉक्सहॉल व्हिक्टरच्या सांगाड्यावर कंपनीच्याच अँबॅसेडर गाडीचे जुने इंजिन, अशी तिची सुरुवात होती. देखणी गाडी अशक्त वाटे; पुढे तिला इसुझूचे १.८ लिटर इंजिन मिळाले. १९९५ मध्ये पुण्याजवळ टेल्को या मोटार कंपनीच्या आवारात मर्सिडीज-बेंझच्या डब्ल्यू-१२४ मालिकेची जोडणी सुरू झाली. खरी आलिशान सेडान पुन्हा महाराष्ट्रात जोडली जाऊ लागली. तिचा पत्रा आणि यंत्रभाग भक्कम आहेत, पण वयाबरोबर तिचे दुखणे वेगळ्या जागी निघते. रबरी बुश फुटतात, दारांच्या कुलपांची हवेच्या नळ्यांवर चालणारी यंत्रणा गळू लागते, आणि त्या काळच्या काही इंजिनांच्या तारांवरचे आवरण उष्णतेने चुरा होऊन पडते. बुश घरी बदलता येतात. तारांचा पूर्ण गुच्छ नवा घालावा लागतो. डब्ल्यू-१२४ सारख्या गाड्यांत इंधनाचे मोजमाप कार्बोरेटरऐवजी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करू लागली. दोष कानाने ओळखण्याऐवजी यंत्र लावून वाचण्याचे दिवस आले आणि अंगणातली देखभाल मागे पडली.

नंतरचे बदल इंधनातले. फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल आले. शिसे व्हॉल्व्हच्या बैठकीला झीज होऊ देत नसे, म्हणून जुन्या हेडमध्ये कठीण धातूच्या बैठका बसवण्याची पद्धत पडली. आता पेट्रोलमधील इथेनॉलचे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत नेले गेले आहे. जुन्या रबरी नळ्या आणि गाडीतल्या इंधनपंपाचा पडदा त्याने मऊ पडून फाटतात. इथेनॉल ओलावा ओढते, म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीची टाकी आतून गंजते. इथेनॉल सोसणाऱ्या नळ्या बदलून घेणे आणि टाकीतले इंधन फार काळ तसेच न ठेवणे हा यावरचा उपाय.

प्रीमियर पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले. मुंबईत टॅक्सीसाठी असलेल्या वीस वर्षांच्या मर्यादेनुसार शेवटची काळी-पिवळी पद्मिनी ऑक्टोबर २०२३ अखेर रस्त्यावरून गेली, आणि भाग स्वस्त ठेवणारी मोठी मागणीही तिच्याबरोबर गेली. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी वाढवून घ्यावी लागते. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले. ‘व्हीए’ अक्षरांची नंबर प्लेट, दहा वर्षांची नोंदणी आणि नव्या नोंदणीसाठी वीस हजार रुपये शुल्क अशी त्यात तरतूद आहे. अशी गाडी रोजच्या वापराला चालत नाही, आणि तिच्या चौकटीत, कवचात किंवा इंजिनात मोठा बदल झालेला असता कामा नये. डिझेल इंजिन घालून जगवलेली डॉज या व्याख्येत बसत नाही. ज्या तडजोडींनी जुन्या गाड्या चालत्या राहिल्या, त्याच तडजोडींमुळे त्यांना आज वारशाची नोंदणी मिळणे अवघड झाले आहे.