शिदोरीतले आणि ताटातले

जेवणाचे दोन प्रकार मराठी माणूस पूर्वापार मानीत आला आहे. एक घरच्या ताटातले आणि दुसरे वाटेवरच्या शिदोरीतले. ताटातले तेवढे खरे जेवण, शिदोरी ही केवळ वेळ निभावून नेण्याची सोय, असा आपला समज असतो. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या नांदणाऱ्या कुटुंबांत तर हा समज विशेष दृढ दिसतो. मुलांच्या बोलण्यात हिंदी, कानडी वा गुजराती शब्द शिरले तरी चालेल, पण आमटीची चव आजीच्या हातचीच राहिली पाहिजे, अशी त्या घरांची तळमळ असते. ती खोटी नव्हे. परंतु आजीच्या त्या आमटीचा इतिहास शोधू लागले म्हणजे मौज दिसते ती अशी, की ताटातले निम्मेअधिक जिन्नस केव्हा ना केव्हा कोणाच्या तरी शिदोरीतून, गलबतातून किंवा लष्कराच्या तळाबरोबर आलेले आहेत.

आधी शिदोरीविषयी. जुन्या प्रवासात सोवळ्याचा प्रश्न मोठा असे. पाण्यात शिजलेले अन्न वाटेत चालत नसे. दुधातुपातले मात्र चाले. म्हणून पीठ पाण्याऐवजी दुधात भिजवून दशम्या करीत. त्यांच्या जोडीला पुऱ्या, लाडू, सातूचे पीठ आणि मेतकूट. यात धर्मशास्त्र होते तितकाच व्यवहारही होता. पाण्याने अन्न लवकर विटते, हे ज्या गृहिणींना अनुभवाने ठाऊक होते त्यांना निराळ्या शास्त्राची गरज नव्हती. १६ एप्रिल १८५३ रोजी मुंबई-ठाणे आगगाडी सुरू झाली, पुढे दिवसांचे प्रवास तासांवर आले, सोवळेही सैल झाले, पण डब्यातली दशमी सुटली नाही. गरज संपल्यावरही एखादा पदार्थ टिकतो तो केवळ चवीच्या बळावर.

आता ताटाकडे वळू. कल्याणीच्या चालुक्यांपैकी तिसरा सोमेश्वर याने ११३० च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ सिद्ध केला. कल्याणी म्हणजे आजचे बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण. मराठी आणि कानडी या दोन्ही भाषांचे मुलूख ज्या राज्यात नांदत होते, त्या राजाचा हा ग्रंथ आहे. त्यातील अन्नभोगाच्या प्रकरणात या राजाची रसिकता ओसंडून वाहते. शेतातले उंदीर भाजण्याची कृतीही त्याने मोठ्या आवडीने दिली आहे, ती सोडून देऊ! पण तेथेच इडरिका भेटते, दोसक भेटते आणि मंडक भेटतो. त्यातली इडरिका नुसत्या उडदाची आहे. आजच्या इडलीतला तांदूळ तिच्यात नाही. मंडक मात्र आपल्या चांगल्या ओळखीचा, कारण तोच आपला मांडा.

बेळगावच्या लग्नकार्यांत आजही मांडे लागतात. गव्हाची मऊसूत कणीक हातांवर झुलवीत झुलवीत पातळ करायची, उपड्या भांड्यावर टाकून भाजायची आणि गरम आहे तोवर तिची घडी घालायची, हे काम येरागबाळ्याचे नव्हे. मुक्ताबाईला मांड्यांसाठी कुंभाराकडून खापर मिळू दिले नाही, तेव्हा ज्ञानेश्वरांनी योगाग्नीने पाठ तापविली आणि तीवर तिने मांडे भाजले, ही कथा घरोघर सांगितली जाते. कथेतला चमत्कार ज्याने त्याने आपल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावा. मांड्याला उपडे खापर लागते ही बारीकसारीक माहिती कथा सांगणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला गृहीत होती, हे इतिहासाच्या दृष्टीने मला अधिक मोलाचे वाटते.

सोमेश्वराच्या पंक्तीत काय नव्हते, हेही पाहण्यासारखे आहे. त्यात मिरची नव्हती. ज्ञानेश्वरांच्या काळीही ती नव्हती. तिखटपणा होता तो मिऱ्याचा, आल्याचा आणि पिंपळीचा. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला उतरला आणि पुढे पोर्तुगीज गलबतांबरोबर अमेरिकेतली मिरची आली. मिऱ्याची जागा घेणारी म्हणून तिला नावही मिऱ्यावरून मिळाले. बटाटा आला तो आपले पोर्तुगीज नाव घेऊनच. भुईमुगाचे आणि रताळ्याचे मूळही अमेरिकेतच आहे.

आता एकादशीचे ताट डोळ्यांसमोर आणा. साबुदाण्याची खिचडी, तीत शेंगदाण्याचे कूट, हिरवी मिरची आणि बटाट्याच्या फोडी. साबुदाण्याचे नाव मलायाकडच्या सागूच्या झाडावरून पडलेले. आज तो ज्या कंदापासून करतात तो कंद दक्षिण अमेरिकेतला, आणि तमिळनाडूत सेलमच्या आसपास त्याचे कारखाने निघाले ते १९४० नंतरच्या दशकात. म्हणजे वर्षभरातले अत्यंत सोवळे ताट जवळजवळ सगळेच परदेशी निघते! वरी आणि शिंगाडा तेवढे इथले. माझा तर्क असा, की शास्त्रकारांनी उपवासाला धान्ये वर्ज्य केली तेव्हा हे पाहुणे यादीतच नव्हते, म्हणून ते बिनबोभाट आत आले.

पावाचे नशीब मात्र उलटे. तोही पोर्तुगिजांचाच. गोव्यात पोदेर माडाच्या सुरेने पीठ आंबवून तो भाजू लागले. पण विहिरीत पाव टाकून गावे बाटविली जात, अशा हकिकती पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या आणि सोवळ्या घरांनी पावाला उंबरठ्याबाहेर ठेवले. एकाच गलबतातून आलेला बटाटा देवघराशेजारी बसला आणि पावाला कित्येक पिढ्या ताटकळावे लागले. आज मिसळीबरोबर त्याच्यावाचून भागत नाही.

मराठ्यांनी बाहेर जाऊन काय केले, याची साक्ष तंजावरात मिळते. शिवछत्रपतींचे बंधू व्यंकोजी यांचे राज्य तेथे सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात स्थापन झाले. त्यांच्या आश्रयाला रघुनाथ गणेश नवहस्त हा मराठी पंडित होता. त्याने ‘भोजनकुतूहल’ लिहिले. भाषा संस्कृत, पण पदार्थांची नावे ठिकठिकाणी मराठी. त्यात जिलेबीची कृती आहे. पुण्याच्या भांडारकर संस्थेतील प. कृ. गोडे यांनी पुढे या ग्रंथाच्या आधारे जिलेबीचा माग काढला. अरबी ‘झुलाबिया’चे हे भारतीय रूप, मराठी पंडिताने तमिळ देशात बसून संस्कृतात नोंदविलेले. इंदूरला मराठी घरांतले पोहे आणि जिलेबी आज एकाच पानावर येतात, तेव्हा कोणता पदार्थ घरचा आणि कोणता वाटेवरचा, हे सांगणे कठीण होते. सांबार हे नाव तंजावरात संभाजी महाराजांवरून पडले, अशीही एक कथा रंगवून सांगतात. कथा गोड आहे, पण तिला समकालीन कागदाचा आधार नाही. ती इतिहासात धरू नये.

राहिली आजीच्या हातची चव. ही विद्या शतकानुशतके ‘अंदाजाने’ चालत आली. चिमूटभर, मूठभर, हाताला लागेल तेवढे. सासर गावातच असेतो हे चालले. मुलगी ग्वाल्हेरला किंवा हैदराबादला गेली म्हणजे आईचा हात बरोबर नेता येत नसे. १८७५ मध्ये रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ निघाले आणि पाककृती मराठीत छापून मिळू लागल्या. परंतु नव्या सुनेची अडचण खरी ओळखली ती कमलाबाई ओगले यांनी. १९७० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘रुचिरा’त मापे आहेत ती वाटी आणि चमचा यांची. बडोद्याची वाटी बेळगावच्या वाटीहून लहान असेल, पण एका वाटीला अर्धी वाटी हे प्रमाण दोन्हीकडे तेच राहते.