माघातला लाल गळा

माघ पौर्णिमेच्या सुमारास दरेकसा स्टेशनवर गाडी थांबली की निम्मा डबा उतरतो. गोंदिया जिल्ह्यातल्या सालेकसा तालुक्यातल्या कचारगडच्या गुहेकडे गोंड भाविक निघालेले असतात. छत्तीसगड, मध्य प्रदेश, तेलंगणातूनही येतात. काली कंकाली मातेची तेहेतीस मुलं इथे कोंडली गेली, वादक हिरासुका पाटालीरच्या किंगरीच्या सुरांनी त्यांच्या अंगात बळ आलं, शिळा हलली, आणि पुढे पारी कुपार लिंगोने कुळांची घडी बसवली, अशी कथा. परंपरेनुसार कुळं साडेसातशे. प्रत्येकाने एक प्राणी, एक पक्षी, एक झाड जपायचं. पक्ष्यांची याद ठेवण्याची या भागातली ही जुनी रीत.

कागदावरची यादी बरीच नंतरची. नागपूरच्या ‘अजब बंगल्या’तले, म्हणजे मध्यवर्ती संग्रहालयातले, ई. ए. डी’अब्रू यांनी मध्य प्रांतातल्या पक्ष्यांची यादी १९३५ मध्ये मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) नियतकालिकात छापली. गोंदिया तेव्हा भंडारा जिल्ह्यात होतं.

जत्रेच्याच दिवसांत या जंगलात एक पाहुणा मुक्कामाला असतो. लाल छातीचा माशीमार. चिमणीहून लहान, वजन जेमतेम दहा ग्रॅम. बांबूच्या बेटातून आधी कोरडी ‘टर्रर्र’ ऐकू येते, मग तो खालच्या फांदीवर येतो, पंख सैल सोडतो आणि शेपूट झटक्यात वर करतो. शेपटीच्या बुडाशी दोन्ही बाजूंना पांढरं चमकतं. ओळख पटली, असं वाटतं.

इथेच घोटाळा आहे. निसर्गशास्त्रज्ञ बेखश्टाइनने १७९२ मध्ये जर्मनीतल्या पक्ष्यावरून ‘पार्वा’ नाव दिलं, पल्लासने १८११ मध्ये सायबेरियातल्याला ‘अल्बिसिला’. पुढे दोघांना एकाच जातीत घातलं गेलं. सलीम अली आणि रिप्ले यांच्या भारतीय पक्ष्यांवरच्या दहा खंडांतही ते तसेच आहेत. २००५ च्या आसपास ते पुन्हा वेगळे मानले जाऊ लागले. पूर्व युरोपाकडचा तो पार्वा, सायबेरियाकडचा तो तैगा माशीमार. पहिला भारतात हिवाळा काढतो तो मुख्यतः पश्चिमेला आणि मध्यभागी, दुसरा पूर्वेला. पूर्व विदर्भात दोघांचीही शक्यता धरून चालावं लागतं.

पार्वाच्या प्रौढ नराचा गळा हिवाळ्यातही लाल राहतो, तैगाचा पांढरा पडतो. सोपं वाटतं खरं, पण हिवाळा सरताना तैगाच्या गळ्यावर पुन्हा लाली चढू लागते आणि माघातला लाल गळा फसवतो. माद्या तर दोन्हींच्या फिक्या. म्हणून पाहायची ती शेपटीच्या मुळावरची पिसं: तैगाची काळीकुळकुळीत, शेपटीपेक्षाही काळी; पार्वाची करडी-तपकिरी. चोचही तैगाची जवळजवळ पूर्ण काळी, पार्वाची खालून फिकट. पण ती पिसं पक्षी पाठ फिरवून बसला तरच दिसतात, आणि तो सहसा तसा बसत नाही.

जुन्या टिपणांचं काय? संग्रहालयाच्या खणात पक्ष्याचं कातडं जपलेलं असेल, तर ते उलटंपालटं करून आजही पार्वा की तैगा हे सांगता येतं. नुसती नावाची ओळ उरली असेल, तर तो पक्षी कुठून आला होता, ते त्या ओळीवरून कळत नाही.